पुस्तकात आहे तशीच

कुलदीपने फोनोग्राफचा भोंगा दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवला आणि पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं.

"चहाचं राहू द्या काकू. उजेड आहे तोवर मशीन पाहून घेतो."

शकुनबाईने तरी चुलीवर आधण ठेवलं. दारी आलेल्याला कोरडं पाठवू नये, हे खरंच. पण त्याहून खरं म्हणजे तिच्या पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं. चुलीपुढे निदान बसता येत होतं. बिनकुंकवाच्या कपाळावर तिने पदर पुढे ओढून घेतला.

एकोडीच्या तळ्याच्या पाळीवरचं हे एकटं घर. अड्याळ सोडून इथे आल्याला दीड वर्ष झालं होतं. भिंतीवर सुखरामचा फोटो, फोटोला चंदनी हार, खाली स्टुलावर ही मशीन. गेल्या आठ महिन्यांत तिने मशीनच्या पितळेला हात लावला नाही असा एक दिवस गेला नव्हता. बोटांना बसलेला वास साबणानेही निघत नव्हता. आज हे एकदाचं पार पडावं, एवढंच तिला हवं होतं. पुन्हा कुणापुढे बसून सगळं सांगायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

"काका कधी गेले?" कुलदीपने विचारलं.

"मंडईच्या मांगं." दिवाळीनंतरची गावची मंडई उठली आणि सगळं झालं, असं ती थोडक्यात सांगे. माणसं तेवढ्यावर मान हलवत आणि मशीनकडे वळत. कुलदीपनेही तेच केलं.

"लय जीव होता त्यायचा याच्यावर," ती म्हणाली. "मशीनपुढं बसले का जेवाची सुद नाई राहे."

"मशीन आहेच तशी." कुलदीपने पुस्तक उघडलं. पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली, पानं हाताळून मऊ पडलेली. "हे नसतं ना काकू, तर मी कधीच बुडालो असतो. बाजारात नकली माल लय झाला. स्क्रू कोणता, नंबर कुठं ठोकलेला, भोंगा किती इंचाचा, सगळं यात चित्रासहित आहे. माझे गुरुजी म्हणायचे, मशीन गेली तर दुसरी भेटते, पुस्तक हातचं जाऊ देऊ नको."

"बराबर हाये," शकुनबाई म्हणाली.

कुलदीप नागपूरचा. जुन्या मशीनींच्या मागे वीस वर्षं गावोगाव हिंडून त्याच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने पेचकस काढला तशी शकुनबाई चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करू लागली. गेल्या साली गोंदियाचा एक माणूस नुसता स्क्रू पाहून हात जोडून निघून गेला होता.

कुलदीपने स्क्रू काढला, पुस्तकातल्या चित्राशेजारी धरला. टेपने भोंगा मोजला. मेणाची नळी बसते तो दांडा मोजला. सुतभर फरक नव्हता. मग त्याचं बोट पानावरच्या किमतीच्या ओळीवर थांबलं. ती ओळ त्याने दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

"साधीच आहे," तो चष्मा पुसत म्हणाला. "अशा खूप निघतात. पण तुमच्याकडं पाहून घेऊन जातो."

खोटं बोलायचं असलं की माणूस आधी काहीतरी पुसायला घेतो, हे शकुनबाई आता ओळखून होती. तिला राग आला नाही. भांडायलाही अंगात जोर लागतो.

"तुमी म्हनाल ते द्या, बाबू."

तिने चहा आणला. ताटलीत तीन कप होते. कुलदीपची नजर तिसऱ्यावर गेली, मग तिचीही गेली.

"सवय जात नाई," ती म्हणाली आणि तो कप बशीने झाकून बाजूला ठेवला. कुलदीपने चहा अर्धाच ठेवला. त्याने खाली मान घालून मशीन गोधडीत गुंडाळली, पैसे फोटोपुढे ठेवले आणि उठला.

"बाबू, एक मागू? थे पुस्तक मले द्या. याच्यात मशीनीचा फोटो हाये. मशीन गेल्यावर पाहाले काय राहते मले?"

"मोबाईलवर काढून देतो ना फोटो."

"माह्या मोबाईलात फोटो नाई दिसत."

"मग तेवढं पान देतो." त्याने पान चिमटीत धरलं.

"फाडू नोका," शकुनबाई कळवळून म्हणाली. "सरस्वती होय थे. माह्यापाई पाप नोका घेऊ."

कुलदीपचा हात जागीच थांबला. पापाचं म्हणाल तर एक त्याने नुकतंच केलं होतं, आणि ते गोधडीत बांधलेलं दारात ठेवलं होतं. त्याने पुस्तक कपाळाला लावलं आणि तिच्या हातात दिलं.

"सांभाळा," एवढंच म्हणाला.

गाडी पाळ उतरून सडकेला लागेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने कडी घातली, फोटोवरचा हार काढून खुंटीला अडकवला, करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन कपाळाला टेकवलं आणि मागच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "या आता. चहा थंडा होऊन राहिला."

सुखराम बोटांवरचा पितळेचा कीस धोतराला पुसत बाहेर आला. चहाला हातही न लावता त्याने पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानं उलटू लागला. एका खऱ्या मशीनीवरून मापं घेत घेत आजची नकली घडवायला त्याला आठ महिने लागले होते.

"पुस्तक भेटलं का झालं, म्हनले होते तुमी," शकुनबाई भिंतीला टेकत म्हणाली. "झालं ना आता?"

"झालं कसं?" सुखराम मान वर न करता म्हणाला. "शकुन, याच्यात दोनशे चौदा मशीनी हायेत."