हवेतला संशय

कारखान्याचं रंगखातं संशयामुळे बंद पडलं. म्हणजे, अजून तसं काही झालेलं नाही.

इतकी वर्षं हेल्मेट-बूट तपासणाऱ्या वासंती खरात नुकत्याच हवा मोजायच्या हुद्द्यावर आल्या होत्या. हवेतला संशय दहाच्या वर गेला की खातं बंद आणि चाळीस जण घरी, असा नियम. मीटर बारा दाखवत होतं.

"कोणावर संशय आहे, दगडूभाऊ?" वासंतीबाईंनी खात्यातल्या जुन्या रंगाऱ्याला विचारलं.

"तुमच्यावरच, मॅडम. आधी डोक्याकडे बघायचात, आता नाकाकडे बघता."

त्या मीटर तिथेच ठेवून बाहेर गेल्या. काचेतून पाहिलं, तर दोन. परत आत आल्या, तर चौदा.

वासंतीबाईंनी तिथेच अर्ज लिहिला : 'मोजणी अधिकाऱ्याने स्वतः हजर राहूनच करायची असल्याने, त्या वेळी मला गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'