बदली नटी
"आज तूच जा गं," सिनेतारका पुटपुटली आणि तिनं रक्ताळलेला रुमाल दाखवला. "गायले तर आवाज कायमचा जाईल म्हणालेत डॉक्टर." हेच ऐकायला तिची बदली नटी लोर्ना ब्रॉडवेवरच्या या संगीत नाटकात दोन वर्षं टपून बसली होती. सगळी गाणी तोंडपाठ, झगाही मापाचा शिवलेला. पण तारकेच्या गेल्या आजारपणात लोर्नाचं नाव पुकारताच अर्धं थिएटर पैसे परत मागायला उठलं होतं. "पुन्हा असं झालं तर नाटक बंद," निर्मात्यानं बजावलं होतं. म्हणजे वादक, नाचणाऱ्या पोरी, लोर्ना, सगळेच रस्त्यावर. "पुरे नखरे," लोर्ना हसली. "लोक तुला बघायला आलेत. आवाजाचं कोण विचारतंय?" तिनं त्याच रुमालानं तारकेचे ओठ पुसले, लाली लावून तिला रंगमंचावर ढकललं. टाळ्यांचा कडकडाट! तारकेनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. लोर्नाच्या मुठीतला रुमाल ओलाच होता.