नव्या बाईला ‘हे’ कळेना

“‘हे’ म्हणजे नेमके कोण?” मोबाईलमधल्या बाईनं पुन्हा विचारलं.

पुष्पावतीनं कपाळावर हात मारून घेतला. जुन्या मोबाईलमधला एआय असलं काही विचारत नव्हता. लेकीनं, निकितानं, त्याला सगळं घर एकदाच सांगून ठेवलं होतं. ‘यांचा खोकला जाईना’ म्हटलं की त्याला कळायचं. हे म्हणजे छगनराव, कारखान्यात साखर शिजवणारे पॅनमन. वर्षभरात त्या एआयशी पुष्पावतीची चांगली गट्टी जमली होती. त्याला ती ‘बाळा’ म्हणायची. आणि परवा जावयानं हौसेनं नवा मोबाईल आणला, त्यात हे दुसरंच ॲप घालून दिलं. नवी विटी, नवं राज्य!

अडलं होतं ते नेमकं आजच. संध्याकाळी कोपरगावात छगनरावांच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम. “वहिनींनीही दोन शब्द बोलावेत,” असं कारखान्यातले साहेब म्हणाले होते आणि पुष्पावतीनं भरात मान डोलावली होती. बोलायचं तर तिला होतंच. आपला नवरा कसा आहे, हे एकदा तरी चारचौघांत सांगायचं होतं. पण माईक समोर आला की दातखीळ बसणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चार ओळी जुळवून हव्या होत्या. त्या ऐकून ऐकून ती पाठ करणार होती.

“हे म्हंजी आमचे मालक,” ती म्हणाली.

“समजलं. तुम्ही ज्यांच्याकडे नोकरी करता, ते.”

“न्हाई गं बाई! कारभारी. निकिताचे पप्पा.”

“निकिता यांचे वडील तुमचे कोण लागतात?”

“आता काय सांगू, कप्पाळ! माझं लगीन झालंय त्यांच्याशी!”

“अच्छा, तुमचे पती! त्यांचं नाव सांगा, म्हणजे भाषण नीट लिहिता येईल.”

आली का पंचाईत! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण उखाण्याशिवाय पुष्पावतीनं नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या ऑफिसात विचारलं तरी ती शेजारणीला कोपरानं ढोसायची, मग शेजारीण सांगायची. आज शेजारीण नव्हती. बाहेर ओट्यावर मात्र छगनराव होते, दीर बन्सी होता, भावकीतली चार माणसं चहा पीत बसली होती. तिनं उठून दार लोटलं, खिडकी लावली, मोबाईलचा आवाज अगदी बारीक केला. एवढ्यात मोबाईलचा पडदा काळा झाला. तिनं बोट लावलं तर बाई मागचं सगळं विसरून पहिल्यापासून बोलायला लागली.

“नमस्कार! तुमचं नाव काय?”

बारीक आवाजात पुष्पावतीला फक्त ‘नाव’ तेवढं ऐकू आलं. तिनं पदर तोंडाशी धरला, देवाचं नाव घेतलं आणि कुजबुजली, “छगनराव.”

झालं एकदाचं! पुढचं मग भडाभडा आलं. संध्याकाळच्या भाषणाला चार ओळी जुळवून हव्यात. हात मोडला होता तेव्हा यांनी दीड महिना वेणी घालून दिली. कुणी बघून हसू नये म्हणून आधी दाराला कडी लावायचे. पहिल्या दिवशी वेणी शेपटासारखी वाकडी झाली, पण आठवड्यात हात बसला. असा माणूस मिळायला भाग्य लागतं, असंही तिनं सांगून टाकलं.

“सुंदर! भाषण तयार आहे,” बाई म्हणाली.

पाठ करायचं म्हणून पुष्पावतीनं आवाज पुरता मोठा केला. बाईनं खणखणीत सुरुवात केली.

“नमस्कार मंडळी! मी छगनराव. माझा हात मोडला तेव्हा यांनी दीड महिना रोज माझी वेणी घातली...”

बाहेर बन्सीला चहाचा ठसका लागला. पुष्पावतीचं तर डोकंच फिरलं.

“अगं बये!” ती ओरडली. “छगनला कुठली येनी? त्याला टक्कल हाय! येनी माझी! ती घातली छगननं! छगन माझा नवरा हाय, नवरा!”

आपण काय बोललो, ते पुष्पावतीला आत्ता कळलं. नुसतं छगन. राव नाही, काही नाही. वर आणखी ‘त्याला’! तिनं जीभ चावली. मेलेच मी आता, असं तिला झालं.

“ओ!” बाहेरून छगनरावांनी आवाज दिला.

ओट्यावर एकच हशा उसळला. छगनराव दार ढकलून आत आले. टकलापर्यंत लाल झाले होते आणि हसून हसून त्यांचे डोळे वाहत होते.

“चुकून गेलं वो तोंडातनं,” पुष्पावती पदराआडून म्हणाली. “मोबाईलला सांगत हुते.”

“मोबाईल ठेव घरी. संध्याकाळी माईकवर अस्संच बोल. छगन म्हन.”

“काय बाई तरी! मानसाचा मान ठिवावा का न्हाई?”

“साहेब म्हनत्यात छगनराव, पोरं म्हनत्यात काका, तू म्हनतीस अवो. मान लई झाला,” छगनराव तिच्यापुढं बसत म्हणाले. “परत एकदा हाक मार की गं. आई गेल्यापासनं मला नुसतं छगन म्हननारं कुनी ऱ्हायलंच नव्हतं.”