रामकिशनची नाव

दहा मिनिटं वल्हं मारून रामकिशनचे दंड भरून आले होते, तरी नाव जागची हलत नव्हती.

"मामा," काठावरून फारूकनं आवाज दिला. "दोरी."

"काय दोरी?"

"सोडली न्हाई तुम्ही. खुंट्याला तशीच हाय."

धुणं धुणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. "मारू द्या की," एक जण म्हणाली. "धरण हलतंय का बघू."

रामकिशन दोरी सोडायला खाली उतरला. पाणी घोट्याएवढं असेल असं त्याला वाटलं होतं, ते कमरेपर्यंत निघालं. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच.

हा पहिला दिवस.

नाव फारूकची होती. फारूक धरणात मासे धरायचा. त्यानं मशीनची नवी नाव केली आणि जुनी रामकिशनला दिली. रामकिशन बासष्ट वर्षांचा. लोहा तालुक्यातलं त्याचं गाव धरणाच्या पाण्याला लागून होतं, पण त्याचा सगळा जन्म कोरडवाहू शेतात गेला होता. पोहणंसुद्धा धड येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाव हलली, पण एकाच जागी गोल फिरली. तिसऱ्या दिवशी एक वल्हं हातातून निसटलं. ते ओढून घ्यायला त्यानं दुसरं लांबवलं, तेही गेलं. फारूकनं दोन्ही वल्ही शोधून आणली आणि नाव ओढत काठाला लावली. चौथ्या दिवशी पाठ करून वल्हवताना तो पाण्यात बसलेल्या म्हशीवर आदळला. म्हैस हलली नाही. रामकिशन पडला.

"मामा, हॉर्न तरी वाजवायचा," म्हशीचा मालक हरिओम म्हणाला.

गावात दुसरा विषय उरला नाही. म्हातारपणी ह्याला हे काय सुचलं, असं जो तो विचारायचा. रामकिशन कपडे पिळायचा आणि घरी जायचा.

आठव्या दिवशी फारूक त्याच्याजवळ येऊन बसला.

"पल्याडच जायचंय ना तुम्हाला? मी नेऊन सोडतो. अर्धा तास न्हाई लागायचा."

"न्हाई."

"मशीनची नाव हाय मामा."

"तुला न्हाई सांगितलं तिनं. मला सांगितलं."

दुसऱ्या दिवसापासून फारूक रोज सकाळी लवकर यायला लागला, आणि हात कसा वळवायचा ते हात धरून दाखवायला लागला.

पल्याडचं गाव हे रामकिशनच्या बायकोचं माहेर. धरण व्हायच्या आधी मधून पाऊलवाट होती. सकाळी माहेरी गेलेली बाई दुपारच्या भाकरी टाकायला परत यायची. पाणी आलं आणि रस्त्यानं बावीस किलोमीटर झालं, दोन गाड्या बदलून. मग ती संध्याकाळी काठावर येऊन उभी राहायची. पल्याड दिवे लागले की घरी यायची.

मागच्या वर्षी तिला नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. पेशंट कोण, असं नर्सनं विचारलं की रामकिशन तिचं आधार कार्ड पुढं करायचा. पाचव्या दिवशी तिनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"ऐकलं का," ती म्हणाली. "माझ्यासाठी एकदा तरी नाव घ्या."

रामकिशनला पल्याडचे दिवे आठवले.

"घेतो," तो म्हणाला. "तू बरी हो, घरी चल. घेतो."

"तुमच्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली आणि थोडी हसली.

दोन दिवसांनी ती गेली.

तुमच्यानं न्हाई व्हायचं, हे रामकिशनच्या मनातून वर्षभर गेलं नाही. वर्षश्राद्धाच्या आत पल्याड जायचं आणि आपल्या हातानं जायचं, एवढं त्यानं धरून ठेवलं होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी तो निघाला. दोरी सोडलेली आहे, हे त्यानं दोनदा पाहिलं. फारूक जाळी बघायच्या निमित्तानं बऱ्याच अंतरावरून मागं येत राहिला. अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले. पल्याडचा काठ पंधरा हातांवर आला आणि नाव चिखलात रुतली. काठावरच्या लोकांनी दोरी फेकली. ती धरायला रामकिशन उभा राहिला आणि सरळ पाण्यात गेला.

त्याला हाताला धरून वर काढलं ते मेहुणीनं, राजकन्यानं. ती बायकोची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"दाजी, रस्ता हाय, गाडी हाय. अन् हे काय करून राहिले तुम्ही?"

"आलो ना पण," रामकिशन म्हणाला. त्याला धाप लागली होती. वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "सांगतो. दम घेऊ दे, सगळं सांगतो."

तिनं टॉवेल दिला. पोरीला चहा आणायला पाठवलं. मग त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"तुमच्या आधी मी एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"दवाखान्यातून ताईचा शेवटचा फोन आला होता. म्हणली, आज मी लाज सोडून ह्यांना बोलले. चाळीस वर्षं नुसतं 'अगं' न् 'ऐकलं का' करून हाक मारली. आता तरी एकदा नाव घ्या म्हणलं. सगळ्यांदेखत रुक्मिण म्हणाले की झालं." राजकन्यानं पदरानं डोळे पुसले. "लई आस होती तिला. मग घेतलं का हो दाजी तुम्ही, तिचं नाव?"

रामकिशननं पाण्याकडं पाहिलं. नाव चिखलात एका अंगावर कलून उभी होती.

"घेतली," तो म्हणाला.