मालिनीताईंचं मत

युद्ध लांबलं आणि सक्तीच्या लष्करभरतीवरून पक्षात उभी फूट पडली. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मालिनीताई भरतीविरोधी गटाकडून निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा रुपाली त्यांच्यासाठी पायांचे तुकडे पडेपर्यंत दारोदार फिरली. "मालिनीताई आपल्या मुलांना लढाईवर जाऊ देणार नाहीत," असं तिने कितीतरी आयांना छातीठोकपणे सांगितलं. ताई निवडून आल्या आणि वॉशिंग्टनला संसदेत गेल्या.

संसदेत भरतीच्या कायद्यावर मतदान होतं त्या दिवशी रुपाली टीव्हीसमोर बसून होती. ताईंनी चक्क भरतीच्या बाजूने मत दिलं. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना. तिने तडक फोन लावला.

"ताई, तुम्ही सपोर्ट केलात?"

"अगं, चिडू नकोस. त्याबदल्यात कॉलेजमधल्या मुलांना सूट मिळवली ना! आमचा जय सुटला बघ."

"आणि माझा आर्य?"



"त्याने कॉलेज सोडायला नको होतं गं," ताई हळूच म्हणाल्या.

 

आर्यने कॉलेज सोडलं होतं ते ताईंच्याच आग्रहावरून, त्यांचा प्रचार सांभाळायला.