फाइलची पहिली ओळ

मोठ्या पडद्यावरचा हिरवा दिवा लागला आणि लगेच विझला. तिसऱ्यांदा.

"येतंय, येतंय," जावईबापू म्हणाले. समोर साठ व्यापारी बसले होते. घरच्या मालवाहतूक कंपनीचं ऑर्डर घ्यायचं नवं ॲप आज त्यांच्यादेखत क्लाउडवर चढायचं होतं. जावईबापूंच्या लॅपटॉपवर ते झकास चालत होतं. क्लाउडवर मात्र ते कंटेनर म्हणतात तशा एका बंद कप्प्यात सुरू व्हायचं, बाहेरून हाक यायची, आतून ओ मिळायची नाही, की मेलं समजून बंद केलं जायचं.

धाकटी सून शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. आठ महिने खपून पायथॉनमध्ये ते ॲप तिनेच लिहिलं होतं. ऐनवेळी थोरल्या दिरांनी ते आपल्या जावयाच्या हाती दिलं. आयत्या बिळावर नागोबा! तरी सोमवारी ती सांगायला गेली होती, की ॲप अजून फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतंय, बाहेरच्यांना दार उघडायची एक ओळ बदलायची राहिलीय. "काकू, तुम्ही खुर्च्यांचं बघा," जावईबापू म्हणाले होते. तिने बघितलं. साठच्या साठ खुर्च्या पडदा नीट दिसेल अशाच मांडल्या.

दिवा चौथ्यांदा विझला. थोरले दीर घाम पुसत मागे आले.

"अगं, जरा बघ ना. अब्रू चाललीय."

"कुणाची, दादा?"

ती उठली. ॲप पहिल्यांदा चाललं त्या दिवशीही तिला इतका आनंद झाला नव्हता.

पुढे जाऊन ती लॅपटॉपपाशी बसली नाही. तिने माइक उचलला.

"जावईबापू, मुख्य फाइल उघडा. अगदी खाली या, त्या दाराच्या ओळीवर. होस्ट लिहिलंय ना, त्याच्यापुढचा पत्ता पुसा. आता चार शून्यं टाका, मध्ये टिंबं. चुकलात. एक टिंब राहिलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जावईबापूंचे कान लाल झाले.

तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दिरांनी हसत माइकसाठी हात पुढे केला.

"थांबा, दादा. जावईबापू, आता त्याच फाइलच्या पहिल्या ओळीवर या."

पडद्यावर हातभर अक्षरं आली. लेखक, आणि पुढे जावईबापूंचं नाव.

"तेवढं पुसा."

एकेक अक्षर कमी होत गेलं. टाळ्या थांबल्या होत्या.

"इथे कुणाचं नाव घालू?" जावईबापूंनी हळूच विचारलं.

"ते दादा सांगतील," ती म्हणाली, आणि चालू माइक तिने दिरांच्या हातात दिला.