ताकाचा हातमोजा

"तू पडद्याच्या अलीकडे बस. बघायचं फक्त स्क्रीनवर," डॉ. ललिता म्हणाल्या आणि पडदा ओढून पलीकडे गेल्या.

शिकाऊ डॉक्टर अक्षता बसली. गेल्या आठवड्यात तिने पू झालेली गाठ 'साधं पाणी' म्हणून लिहिली होती. मॅडमनी वेळीच पकडलं. आज पास झाली, तरच वारज्याच्या नव्या सेंटरवर ती एकटी सोनोग्राफी करणार होती. तिकडे आयटीवाल्यांच्या इमारती भराभर उठत होत्या.

परीक्षा मॅडमच्या स्वयंपाकघरातून यायची. चायनाग्रासच्या जेलीत ईसबगोल कालवलं की स्क्रीनवर हुबेहूब यकृत. त्यात पुरलेले रबरी हातमोजे. प्रत्येकात वेगळा द्रव. असं शिकवणारं पुण्यात दुसरं कोणी नाही, हे अक्षता भेटेल त्याला सांगायची.

चित्र पहिलं. काळंभोर.

"पाणी."

"साधं की मिठाचं?"

अक्षता थबकली. "ते कळणार नाही, मॅडम. विरघळलेलं दिसत नाही. तरंगतं तेच दिसतं."

"वा! म्हणजे लेक्चरला झोपत नव्हतीस."

चित्र दुसरं. काळ्यात विरळ ठिपके, सावकाश खाली बसणारे.

"तांदळाची पेज."

"पेशंटला पेज झालीय म्हणून लिहिणार?"

"नाही... रक्त असू शकेल."

"हं."

चित्र तिसरं.

यायला वेळ लागला. पलीकडे टेबल करकरलं.

करडं. दाट ठिपके, तळाशी गाळाचा थर. कड जाड, वेडीवाकडी.

"कात्रज डेअरीचं ताक!" अक्षता हसली. "आणि ईसबगोल काय जमलंय आज! शिरासुद्धा काढल्यात तुम्ही."

"कौतुक पुरे. पेशंट असता तर?"

"पू. यकृतात गळू. ताप असेल, उजवीकडे दुखत असेल."

"मला साधं पाणी वाटतंय."

अक्षता स्क्रीनजवळ सरकली. मॅडमना खोटं पाडायचं? तिने पुन्हा पाहिलं.

"नाही, मॅडम. पाणी नाही. आजच सुई घालून काढायला हवं."

पलीकडे टेबल पुन्हा करकरलं.

"पास," मॅडम म्हणाल्या. "वारज्याचं सेंटर तुझं. उद्यापासून इथलेही पेशंट तूच बघ."

अक्षताने आनंदाने पडदा सरकवला.

ताकाचा हातमोजा बेसिनमध्ये तसाच पडला होता, आणि टेबलावर आडव्या झालेल्या डॉ. ललिता स्वतःच्या बरगड्यांखालचं जेल पुसत होत्या.